ऑफिसातले संगणक : घ्यायचे कधी, दुरुस्त किती करायचे, काढायचे कधी

लातूर, परभणी, अंबाजोगाई, कुठल्याही गावातली पतसंस्था घ्या, शाळा घ्या, नाहीतर मोंढ्यातलं आडत दुकान; नवीन संगणक घेण्याची रीत सगळीकडे सारखीच. आधी जुना बंद पडतो. दोन दिवस "बघा बरं, चालू होतंय का" यात जातात. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या दुकानदाराला फोन जातो, तीन कोटेशन येतात (त्यातली दोन तोच आणून देतो, हे सगळ्यांना माहीत असतं), सर्वांत कमी दरावर सही होते आणि आठवड्याने खोकं येतं. कीर्दीत एक ओळ पडते: संगणक, एक नग, रक्कम अमुक. मधल्या आठ दिवसांत काउंटरवर रांग लागली, पासबुकं हाताने भरली, एका क्लार्कने रात्री थांबून नोंदी चढवल्या, ते मात्र कुठल्याच खात्यात दिसत नाही.

मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळा विभाग असतो. आपल्याकडे पाच ते पन्नास संगणकांच्या संस्थेत हे काम ज्याला थोडंफार कळतं त्याच्या गळ्यात पडतं. तो असतो लेखापाल, नाहीतर गणिताचे सर. हा लेख त्यांच्यासाठी आहे. खरेदी, दुरुस्ती आणि बदली हे आपण तीन वेगळे निर्णय समजतो आणि तिन्ही अडचणीत सापडल्यावर घेतो. खरं तर मशीन घेतानाच त्याच्या जाण्याचं वर्ष ठरवून ठेवलं, तर उरलेले दोन्ही निर्णय सोपे होतात. मराठवाड्यात त्यात आणखी तीन गोष्टी मोजाव्या लागतात: उन्हाळा, लाइट आणि सर्व्हिस सेंटरचं अंतर. पुण्या-मुंबईच्या कोटेशनमध्ये या तिन्हींचा रकाना नसतो.

कोटेशन वाचायचं कसं

"आय फाइव्ह, आठ जीबी, विंडोज, एकदम मस्त मशीन." यातला "आय फाइव्ह" हा शब्द एकट्याने काहीच सांगत नाही. इंटेल ही कंपनी आपल्या प्रोसेसरना, म्हणजे मशीनच्या मेंदूला, हे नाव २००९ पासून देत आली. त्यापुढचा आकडा महत्त्वाचा. आय फाइव्ह ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ चा माल. आय फाइव्ह १२४०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ चा. बाराव्या पिढीचा आय थ्रीसुद्धा त्या तिसऱ्या पिढीच्या आय फाइव्हला सहज मागे टाकतो. म्हणून कोटेशनवर पूर्ण आकडा लिहून मागायचा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच समजा. हल्ली नव्या प्रोसेसरांवर "कोअर ५", "कोअर अल्ट्रा" अशीही नावं येतात. तिथेही पूर्ण मॉडेल नंबर घ्यायचा.

पिढीचा मुद्दा आता वेगापुरता राहिलेला नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी चौथ्या-सहाव्या पिढीची मशिनं ढिगाने काढली आणि ती "रिफर्बिश्ड" म्हणून आपल्या बाजारात येतात. दिसायला नवी, आवाज नाही, किंमत अर्ध्याहून कमी. घ्यायला हरकत नाही, पण आठव्या पिढीच्या आतलं असेल तर आपण कोणत्या कामाला घेतोय ते ठरवून घ्यावं. पाठिंबा संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, तेच तर फसवं आहे. ते चालतच राहतं, फक्त नव्याने सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातली मशिनं कुलूपबंद केली, तेव्हा त्याला अडवणारा अपडेट दोन महिने आधीच आलेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता तेच सापडले. जिथे ठेवीदारांचे हिशेब आहेत, आधारच्या प्रती आहेत, तिथे असं मशीन नेटला जोडून ठेवू नये. मायक्रोसॉफ्ट काही काळ वाढीव अपडेट देते, संस्थांना त्याचे पैसे मोजावे लागतात. पण ती सोय बदली होईपर्यंत वेळ काढण्यापुरती आहे.

कोटेशनमध्ये आणखी एक शब्द शोधा: "डॉस". याचा अर्थ मशीनसोबत विंडोज नाही. मग दुकानातला पोरगा पेन ड्राइव्हमधून कुठलं तरी विंडोज टाकून देतो आणि दोन-चार हजार वाचल्यासारखं वाटतं. परवान्याशिवायचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे, हा एक भाग. दुसरा रोजच्या त्रासाचा: अशा विंडोजला अपडेट येऊ नयेत म्हणून बऱ्याचदा ते मुद्दाम बंद केलेले असतात, आणि ते टाकणाऱ्याने सोबत आणखी काय टाकलं हे कोणाला कळणार? दोन कोटेशनची तुलना करताना "डॉस"वाल्यात विंडोजची किंमत मिळवून मगच बघावं. पुष्कळदा स्वस्त वाटणारं महाग निघतं.

एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपांची डिस्क, हवीच. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आज विंडोज चालवणं म्हणजे कर्मचाऱ्याला रोज सकाळी दहा मिनिटं फुकटची रजा देणं. रॅम आठ जीबीच्या खाली नको आणि एक स्लॉट रिकामा ठेवायला सांगायचं, म्हणजे पुढे वाढवता येईल. मॉनिटर वेगळा घ्यावा. मॉनिटरचं आयुष्य मशीनपेक्षा जास्त असतं. दोन मशिनं एका मॉनिटरवर निघून जातात. काउंटरवर छान दिसतो म्हणून मॉनिटरमध्येच सगळं बसवलेला ऑल-इन-वन घेण्याची हौस असते. माझ्या मते तालुक्याच्या गावी तो घेऊ नये. त्याचा एक भाग गेला की सगळंच मशीन बांधून जिल्ह्याला पाठवावं लागतं.

आता वॉरंटी. इथे एक शब्द बिलाइतका महत्त्वाचा आहे: ऑनसाइट. ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर तुमच्याकडे येणार. नसेल तर मशीन तुम्ही उचलून न्यायचं. उदगीर किंवा वसमतच्या शाखेतून सर्व्हिस सेंटरला मशीन नेऊन आणणं म्हणजे एका माणसाचे दोन दिवस आणि तिकिटं. ऑनसाइट लिहिलेलं असलं तरी विचारायचं की इंजिनिअर कुठून येतो आणि पार्ट कुठून. बऱ्याच कंपन्यांचा पार्ट पुण्याहून नाहीतर छत्रपती संभाजीनगरहून येतो, त्यामुळे जाहिरातीतला "दुसऱ्या दिवशी" आपल्याकडे तिसरा-चौथा दिवस होतो. एका वर्षाची वॉरंटी तीन वर्षांची करून घ्यायला जे जास्त पैसे पडतात ते घेतानाच द्यावेत. नंतर ती महाग मिळते किंवा मिळतच नाही. आणि खोकं उघडल्यावर पहिलं काम म्हणजे कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघणं. कधी ती दुकानदाराला माल पोचला त्या दिवसापासून सुरू झालेली दिसते. बिलाची प्रत पाठवून ती दुरुस्त करून घेता येते, पण लगेच.

असेंबल्ड, म्हणजे दुकानदाराने सुटे पार्ट जोडून बनवलेल्या, मशीनला मी नाव ठेवणार नाही. गावातला दुकानदार भरवशाचा असेल तर असेंबल्डचा पार्ट त्याच दिवशी बदलून मिळतो, ब्रँडेडचा मिळत नाही. फक्त त्याची वॉरंटी पार्टागणिक वेगवेगळी असते. म्हणून बिलावर प्रोसेसर, बोर्ड (मदरबोर्ड), रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) असं सगळं सीरियल नंबरसह सुटं लिहून घ्यायचं. "कॉम्प्युटर सेट, एक नग" असं बिल घेतलं, की वर्षभराने कोणत्या पार्टला किती वॉरंटी होती यावर वाद ठरलेला.

लाइट, अर्थिंग आणि मे महिना

आपल्याकडची मशिनं म्हातारी होऊन मरत नाहीत, मारली जातात. आणि आपण शिव्या घालतो कंपनीला.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलणारा डबा. तो साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालेल असा बनवलेला असतो (काही स्वस्तातले तेवढी मुभा देत नाहीत), त्यामुळे व्होल्टेज थोडं कमी असणं हा त्याचा मोठा शत्रू नाही. धोका असतो लाइट जाताना आणि त्याहून जास्त लाइट येताना. फीडरवरचे सगळे पंप, कूलर, फ्रिज एकदम ओढ घेतात, व्होल्टेज वर-खाली होतं आणि त्या झटक्यात एसएमपीएस जातो, कधी सोबत बोर्डही नेतो. म्हणून यूपीएस नसलेल्या जागी साधा नियम: लाइट गेली की मेन बटण बंद, आली की पाच मिनिटांनी चालू. हे शिपाईमामांना एकदा नीट समजावून सांगितलं, तर ते इंजिनिअरपेक्षा जास्त मशिनं वाचवतात.

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद लेड बॅटरी असते. तिचं आयुष्य २५ अंशांना धरलेलं असतं, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा बॅटरीवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमधली शाखा आणि टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबलेला यूपीएस, म्हणजे आत पन्नासच्या जवळपास. तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात फुगते. बॅटरी बसवली त्या दिवशीची तारीख तिच्यावर मार्करने लिहा, यूपीएस कप्प्यातून बाहेर काढा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी दुपारच्या निवांत वेळी प्लग काढून किती मिनिटं टिकतो ते बघा. दहा मिनिटं पुरे. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यासाठीच तो आहे. लेझर प्रिंटर त्याला कधीही जोडू नये. कागदावर शाई भाजून बसवण्यासाठी तो क्षणभर इतकी ओढ घेतो की यूपीएस तरी बसतो नाहीतर प्रिंटर तरी.

सगळी शाखा इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना "यूपीएस" आणि "इको" असे दोन मोड असतात. इकोवर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला इतका वेळ लागतो की पंखे चालू राहतात पण संगणक रीस्टार्ट होतो. मग लोक म्हणतात, "सर, मशीन आपोआप बंद होलालंय." मशिनाचा काही दोष नसतो.

अर्थिंगकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती वाळते, सुटते, आणि जुलैमध्ये ठीक असलेली अर्थिंग मेमध्ये नुसती नावाला राहते. त्याची खूण म्हणजे कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की येणाऱ्या झिणझिण्या. एसएमपीएसमध्ये विजेचा गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. जमिनीची वाट बंद झाली की ते पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज आणून ठेवतात. करंट अगदी कमी म्हणून माणसाला धक्का मोठा बसत नाही, पण यूएसबीला जोडलेले प्रिंटर, पेन ड्राइव्ह, अंगठ्याचं मशीन यांना ते मानवत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडायचं. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून एकदा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तशा उन्हाळ्यात कोणी खड्ड्यात पाणी ओतणार नाही, हे मलाही समजतं. पण कूलरचं किंवा हात धुण्याचं वाया जाणारं पाणी पाइपने तिकडे वळवायला काहीच लागत नाही.

धूळ हा चौथा भाग. लातूरला डाळ मिलचा भुसा, परभणी-जालन्याकडे जिनिंगचा कापूस, बाकी सगळीकडे रस्त्याची माती. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जीव वाचवण्यासाठी स्वतःच हळू होतो. खोलीच ४२ अंशांची असेल आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांत कापूस अडकला असेल, तर दुपारी तीनला मशीन हळू चालणारच. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि दिवाळीनंतर, मशीन अंगणात नेऊन ब्लोअर मारायचा. मारताना आतला पंखा पेन्सिलीने अडवून धरायचा. वाऱ्याने तो भन्नाट फिरला की त्याचं बेअरिंग जातं.

दुरुस्ती किती

"नव्याच्या निम्म्या किमतीपेक्षा दुरुस्ती जास्त होत असेल तर नवं घ्या," असा नियम सगळे सांगतात. वाईट नाही, पण मला अपुरा वाटतो. आठ वर्षांच्या मशिनावर नव्याच्या पाव किमतीएवढा खर्चही फुकट जातो आणि चार वर्षांच्या मशिनावर तोच खर्च सोन्यासारखा ठरतो. म्हणून किमतीआधी पार्ट बघावा.

एसएमपीएस, एसएसडी, रॅम, पंखा, कीबोर्ड-माऊस हे डोळे झाकून बदलावेत. यातले बहुतेक पार्ट काढून दुसऱ्या मशीनला लावता येतात, त्यामुळे पैसा बुडत नाही. "चालू होतंय पण स्क्रीनवर काही नाही आणि बीप वाजतोय" अशी तक्रार आली, तर बऱ्याचदा रॅमच्या सोनेरी पट्टीवर मळ बसलेला असतो. रॅम काढून खोडरबरने हलकेच घासून पुन्हा बसवली की मशीन चालू. देशभरातले मेकॅनिक हेच करतात आणि काही जण त्याचे "बोर्ड सर्व्हिसिंग" म्हणून पैसे लावतात. दुसरी गमतीची तक्रार: नेट चालू आहे पण बँकेची, सरकारची एकही साइट उघडत नाही. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती चुकीची असेल, तर बोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. सुरक्षित साइट तारखेवरून प्रमाणपत्र तपासते. मशीनच्या मते आज दहा वर्षांपूर्वीचा दिवस असेल तर ती दार उघडत नाही. घड्याळाच्या दुकानात मिळणारी बॅटरी टाकली की झालं.

मशीन "हळू झालंय" ही मोडतोड नव्हेच. २०१७-१८ च्या सुमारास घेतलेल्या पुष्कळ मशीनमध्ये एक टीबीची फिरती डिस्क आणि चार जीबी रॅम आहे. डिस्कच्या जागी एसएसडी आणि रॅम आठ जीबी केली, की तेच मशीन आणखी दोन-तीन वर्षं काउंटरवर चालतं. त्यातही प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल तरच. नाहीतर वर सांगितलेली विंडोजची अडचण येते.

बोर्ड गेला तर मात्र हात आखडता घ्यावा. जुन्या पिढीचा नवा बोर्ड बाजारात नसतो, मिळतो तो कोणाच्या तरी मशिनातून काढलेला. डीडीआर थ्री, फोर आणि फाइव्ह या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत, म्हणून बोर्ड बदलला की रॅम बदल, प्रोसेसर बदल, आणि मशीनसोबत आलेला विंडोजचा परवाना त्या बोर्डाशीच बांधलेला असतो, तोही गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. पाच वर्षांपुढच्या मशीनचा बोर्ड गेला की ते मशीन पार्टांसाठी ठेवावं.

यासाठी एक वही लागते. डेड स्टॉक रजिस्टर सगळ्यांकडे असतं, त्यात "संगणक, ६ नग" असं एका ओळीत असतं आणि त्यातला कुठला नग कुठे आहे हे ऑडिटच्या आदल्या दिवशी शोधतात. त्याऐवजी दर मशीनला एक पान द्या. खरेदीची तारीख, बिल नंबर, सीरियल नंबर, वॉरंटी कधीपर्यंत, काढायचं वर्ष, आणि खाली प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि खर्च. मशीनवर तोच नंबर पक्क्या मार्करने. एका वर्षात तिसऱ्यांदा तेच मशीन त्या पानावर आलं, तर चौथी दुरुस्ती करायची नाही. एक्सेलमध्ये ठेवलं तरी चालेल, मात्र ती फाइल ज्या मशीनमध्ये आहे तेच मशीन बंद पडू नये.

वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, दोन तऱ्हेचा असतो: पार्टसह किंवा फक्त मजुरीचा. पार्टसहच्या करारातही "विजेच्या दाबाने जळल्यास लागू नाही" अशी ओळ असते. आपल्याकडे जळतं ते विजेनेच, म्हणजे करार नेमका जिथे हवा तिथे नाही. दुसरी मेख वेळेची. "चार तासांत प्रतिसाद" म्हणजे चार तासांत फोन उचलणार. मशीन कधी चालू होणार ते वेगळं लिहून घ्यायचं आणि तोवर दुसरं मशीन देणार का, तेही. माझं मत विचाराल तर दहापेक्षा कमी मशिनं असलेल्या संस्थेने एएमसीचा पैसा एका जादा मशीनमध्ये घालावा. सगळी सॉफ्टवेअर टाकून तयार असलेलं, कपाटात ठेवलेलं एक मशीन. काउंटरचं बंद पडलं की अर्ध्या तासात ते लागतं, आणि बिघडलेल्याचा पार्ट ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आरामात चार दिवसांनी आला तरी कोणी ओरडत नाही. महिन्यातून एकदा ते चालू करून अपडेट होऊ द्यायचं, एवढी काळजी मात्र घ्या.

काढायचं वर्ष

आयकराच्या हिशेबात संगणकावर घटत्या शिलकेवर दर वर्षी ४० टक्के घसारा मिळतो. पन्नास हजारांचं मशीन वर्षभरात पुस्तकात तीस हजारांचं होतं, मग अठरा हजार, दहा हजार आठशे, सहा हजार चारशे ऐंशी, आणि पाचव्या वर्षाअखेर ३,८८८ रुपये. कंपनी कायद्याच्या तक्त्यात डेस्कटॉप-लॅपटॉपचं आयुष्य तीन वर्षं आणि सर्व्हरचं सहा वर्षं धरलेलं आहे. पाच वर्षांनी मशीन काढलं तर हिशेबात "नुकसान" दिसेल ही संचालकांची भीती त्यामुळे बिनबुडाची असते. आणखी एक बारकावा: आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या मशीनवर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणजे मार्चअखेर निधी संपवायला घेतलेल्या मशीनवर २० टक्के, आणि तेच सप्टेंबरात घेतलं असतं तर ४०.

मार्चमधल्या खरेदीचं दुसरं दुखणं जास्त खोल आहे. निधी आला, वीस मशिनं एकदम घेतली, सगळ्यांचा आनंद. पाच-सहा वर्षांनी वीसही एकदम दमतात. शाळांच्या संगणक लॅबचं अनेक ठिकाणी हेच झालं. लॅब एका दिवसात आली आणि पाच-सहा वर्षांनी एकाच वर्षात सगळी बंद पडली. वीस मशिनं असतील तर दर वर्षी चार बदलायची आणि अंदाजपत्रकात तेवढी तरतूद कायमची ठेवायची. नवी चार जिथे सर्वांत जास्त ताण आहे तिथे, म्हणजे कॅश आणि कर्ज विभागात. तिथली निघालेली आवक-जावकला, तिथली कपाटात जादा म्हणून, आणि कपाटातलं बाहेर. पाच वर्षांत सगळा संच फिरून नवा होतो आणि कोणत्याही एका वर्षी संचालक मंडळाला घाम फुटत नाही.

बदलायचा महिनाही ठरवून घ्या. ऐन पेरणीत बैल बदलत नाहीत. पतसंस्थेने मार्चमध्ये, आडत दुकानाने सोयाबीनची आवक असताना ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शाळेने जूनच्या प्रवेशात मशीनला हात लावू नये. बहुतेकांना ऑगस्ट-सप्टेंबर बरा पडतो: पावसाळ्यामुळे अर्थिंग ठीक, उकाडा कमी, आणि घसाराही पूर्ण.

नवं मशीन लावून जुनं त्याच दिवशी उचलून नेण्याची घाई करू नये. त्या टेबलावर बसणाऱ्या ताईंशेजारी अर्धा तास बसा आणि त्या दिवसभर काय काय उघडतात ते लिहून घ्या. खरी अडचण तिथे सापडते. २००५ पासूनची सभेची इतिवृत्तं युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारं मराठी) येण्याआधीच्या कुठल्या तरी मराठी फॉन्टमध्ये असतात; नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की सगळं इतिवृत्त इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडतं. त्या मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे परवान्याची पोर्टात लावायची चावी, जुन्या मशीनच्या पाठीमागे अडकलेलं असतं. पावत्या छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रुंद पॅरलल केबलने जोडलेला असतो आणि नव्या मशीनला ते पोर्टच नसतं; प्रिंटरला यूएसबी आहे का, हे खरेदीआधी बघायचं. टॅलीचा परवाना जुन्या मशीनवरून "सरेंडर" केल्याशिवाय नव्यावर चालू होत नाही, आणि जुन्याची डिस्क पुसून झाल्यावर हे आठवलं तर टॅलीवाल्याला फोन आलाच. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. म्हणून जुनं मशीन महिनाभर कोपऱ्यात, तारा जोडलेलं, जसंच्या तसं राहू द्या. इतिवृत्तं युनिकोडमध्ये आणायची असतील तर याच महिन्यात आणा. पुढच्या बदलीपर्यंत तो फॉन्ट वाचणारं मशीन उरेल याची खात्री नाही.

निघालेलं मशीन बहुतेक ठिकाणी कपाटात जातं आणि तिथेच राहतं, कारण निर्लेखनाच्या, म्हणजे रजिस्टरमधून मशीन कमी करण्याच्या, कागदावर सही करायला कोणी धजत नाही. काही शाळांत अजून जाड काचेचे मॉनिटर त्या कपाटात आहेत. दर वर्षी चार मशिनं निघणार हे ठरावातच असेल, तर त्याच ठरावात निर्लेखनाचीही मंजुरी घेऊन टाकता येते. मग ते भंगारवाल्याला वजनावर न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याला द्यायचं. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम २०२२ चे आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि नोंदणी केलेल्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. जिल्ह्यातल्या चार-पाच संस्थांनी मिळून एकदम दिलं तर गाडी दारात यायला तयार होते. दिल्याची पावती मशीनच्या पानाला लावून ठेवा.

देण्याआधी डिस्क काढायची. नुसतं झटपट (क्विक) फॉरमॅट केल्याने काही पुसलं जात नाही. साध्या सॉफ्टवेअरने फायली परत येतात, आणि त्या डिस्कवर सभासदांची पॅन कार्डं, आधारच्या प्रती, कर्जाचे कागद असतात. फिरती डिस्क असेल तर ड्रिल मशीनने आरपार दोन-तीन भोकं पाडली की विषय संपतो. एसएसडीला हे पुरत नाही, कारण भोक चिपेवर पडेलच असं नाही. तिला कंपनीच्याच सॉफ्टवेअरने "सिक्युअर इरेज" द्यायचं, नाहीतर उघडून प्रत्येक चिप फोडायची.

जुनं मशीन जवळच्या जिल्हा परिषद शाळेला देण्याची पद्धत चांगली आहे, पण अर्धवट देऊ नका. डिस्कशिवाय, विंडोज ७ चं, यूपीएस नसलेलं मशीन दिलं म्हणजे आपलं कपाट रिकामं करून त्यांचं भरलं. द्यायचंच असेल तर स्वस्तातली नवी एसएसडी आणि चालू बॅटरीचा यूपीएस सोबत द्या आणि त्यात विंडोजऐवजी चालणारं मोफत लिनक्स टाकून द्या. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने बनवलेलं बॉस लिनक्स मराठीतही चालतं, परवान्याचे पैसे लागत नाहीत, आणि टंकलेखन, चित्रं, गणिताचे खेळ यासाठी जुना प्रोसेसर पुरतो. सरांना सोबत बसवून एकदा चालू-बंद करून दाखवा, आणि तिथल्या सॉकेटची अर्थिंगही मोजून या.